रविवारची एक खोली द्या

गौलीगुड्यातल्या मराठी बंधूंनो, भगिनींनो,

आपल्या गल्ल्यांमधून बारशाचे पेढे तुम्हीही खाल्ले आहेत. त्या पाळण्यापाशी आज दिवसभर कोण असतं, एवढं मात्र एकदा विचारून बघा.

बहुतेक घरी उत्तर एकच मिळेल. नांदेड, परभणी, लातूरकडून आलेली बावीस-तेवीस वर्षांची सून. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. तिसरा महिना लागला आणि ती बाळ घेऊन हैदराबादेत काचीगुड्याला गाडीतून उतरली. तेव्हापासून दोन खोल्या आणि एक जिना, एवढंच तिचं जग. नवरा बेगम बाजारात दुकानावर. तो सकाळी जातो आणि शटर पडल्यावर येतो. सासूबाई गावी, नाहीतर गुडघ्यांनी बेजार. तेलुगू येत नाही, हिंदी बोलायची भीड वाटते. बाळ रडतं. का रडतं, हे विचारायला जवळ जाणतं माणूस नाही.

एकटेपणाने काय होतं, असं म्हणू नका. लसीकरणाचं कार्ड माहेरच्या कपाटात राहतं आणि बाळ इथे असतं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने या तीन खेपा ठरलेल्या असतात. नऊ महिने झाले की गोवर-रुबेलाची सुई. ‘पुढच्या वेळी माहेरी गेले की घेऊ’ म्हणता म्हणता तारीख उलटते. आणि ती मुलगी? आपल्या देशातल्या अनेक पाहण्या एकत्र करून 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत एक आकडा छापून आला. बाळंतपणानंतर खिन्नतेचा आजार होणाऱ्या आया 22 टक्के. म्हणजे पाचांतली एक. आपण त्याला काय म्हणतो? ‘माहेरची आठवण येतेय.’ ‘हल्लीच्या मुलींना सोसतच नाही.’ हे बोलणं आता बंद करा. ती जेवत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर ते नखरे नव्हेत, दुखणं आहे. त्याला उपचार आहेत. 14416 या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तिला फोन लावून द्या. ती बोलेल तेवढा वेळ बाळ तुम्ही घ्या.

एवढं तुम्हाला जमतं. आजच जमतं.

सरकारने काही केलंच नाही, असं नाही. सुलतान बाजारचं सरकारी प्रसूती रुग्णालय आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. लहान मुलांसाठी निलोफर रुग्णालय आहे. तेलंगणात अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक पूर्ण जेवण मिळतं. त्यात भात, डाळ-भाजी, एक अंडं आणि 200 मिली दूध असतं. आरोग्यलक्ष्मी नावाने 2015 पासून ही योजना चालू आहे. सात महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांना बालामृतम् मिळतं. भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ, दूध पावडर, साखर, तेल असं ते पीठ. अंडं घरात चालत नसेल तर नका घेऊ, पीठ तरी घ्या! पण आपली माणसं तिकडे फिरकत नाहीत. ‘ते गरिबांचं’ असं आपण मानतो. हा ताठा बाळाच्या अंगाशी येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 33 टक्के वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि सहा महिन्यांपुढच्या दहांतल्या सात जणांच्या अंगात रक्त कमी होतं. ही सगळी मुलं काही उपाशी घरांतली नव्हती.

मग तुमचं काम काय? बोट धरायचं. आपल्याला इथे तीन-चार पिढ्या झाल्या. तुम्हाला तेलुगू येतं, दखनी येते, कोणत्या खिडकीवर चिठ्ठी मिळते ते ठाऊक आहे. त्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नाही. एक सकाळ काढा. तिच्याबरोबर अंगणवाडीत जा, नाव घाला. कार्ड माहेरी राहिलं असेल तर फोनवर त्याचा फोटो मागवा आणि लस इथेच द्या. सरकारी दवाखान्यात ती कुठेही फुकट मिळते, गाव बदललं म्हणून हक्क जात नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनो, तुमच्यावर दोष नाही. कमरेत कळ असताना दोन वर्षांच्या पोरामागे धावणं काय असतं, ते करणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून हातात मोबाइल दिला जातो. मग पोर मोबाइलशिवाय घास गिळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं. पण नुसतं ‘दाखवू नका’ म्हणून काय होतं? तासभर दुसऱ्या कुणीतरी त्या पोराला घ्यायला हवं ना! आणि मुलं घरातच राहिली की एक मोठा धोका नजरेआड होतो. दीड वर्षाचं मूल चालत नसेल, एकही शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ म्हणत थांबू नका. चार मुलांत खेळताना पाहिलं की हे चटकन लक्षात येतं, एकट्या मुलात येत नाही. मंद वाढीच्या मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था 1984 पासून आपल्याच शहरात, सिकंदराबादच्या मनोविकासनगरात आहे. आपण उठून जायचं तेवढं बाकी आहे.

नोकरी करणाऱ्या आयांनी मूल कुठे ठेवावं? 2017 च्या कायद्याने 26 आठवड्यांची रजा दिली आणि पाळणाघराची सक्ती केली, पण ती पन्नास किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला. पाच माणसांच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

धोका वेळीच ओळखला तर काय होतं, ते बघायला गौलीगुड्याचा बस डेपो आठवा. निजामाच्या काळातलं ते भलं थोरलं लोखंडी छत 5 जुलै 2018 च्या पहाटे कोसळलं. माणूस एकही दगावला नाही, कारण धोका ओळखून काही दिवस आधीच बस आणि माणसं तिथून हलवली होती. आपल्या घरांतही तशीच करकर ऐकू येते आहे. ऐका. आत्ता हला.

आपली मुलं आपणच एकत्र सांभाळणं जमेल का, अशी शंका असेल त्यांच्यासाठी थोडं जुनं सांगावं लागेल. 1945 साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डीत मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांना आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांना दिसलं की मोठी मुलगी शाळेत येऊ शकत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. मोठी शिकू लागली, धाकटं शेजारीच सांभाळलं जाऊ लागलं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती त्यानंतर, 2 ऑक्टोबर 1975 ला. आधी दोन बायका आणि एक अंगण होतं.

आपल्याकडे अंगण उरलं नाही, पण खोल्या आहेत. निजामाच्या राज्यात आपल्या पणजोबांनी जांबागला विवेकवर्धिनी उभी केली, इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय उभं केलं. त्यांची नातवंडं-पतवंडं आपण. आपल्याला रविवारी दोन तासांची एक खोली मिळू नये? देवळाचा सभामंडप चालेल, शाळेतला वर्ग चालेल, कुणाची गच्चीवरची पत्र्याची खोलीही चालेल. तीन सतरंज्या पसरा, भांडी-बोळकी ठेवा, पिण्याचं पाणी ठेवा. दोन जाणत्या बाया बसवा. ज्या निवृत्त शिक्षिका, परिचारिका घरी बसून कंटाळल्या आहेत त्यांना बोलवा. मुलं खेळतील, आया बोलतील. बापांनाही आणा, ‘हे बायकांचं’ म्हणून कुणी सुटू नका. महिन्यातून एकदा वजन करा आणि कार्डावर लिहा.

पैसे फारसे लागत नाहीत. दुकानदारांनो, सतरंज्या तुम्ही द्या, वजनकाटा द्या. रविवारी सकाळी तुमच्याकडच्या पोराला दोन तास सुट्टी द्या, त्याला स्वतःचं लेकरू कडेवर घेऊन येऊ द्या.

थांबू नका. गरोदरपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत हजार दिवस असतात. तुमच्या जिन्यावरच्या बाळाचे त्यातले कितीतरी संपलेसुद्धा. दिवाळीनंतर बघू, परीक्षा होऊ द्या, समितीची बैठक होऊ द्या, हे आपलं नेहमीचं आहे आणि या कामाला ते चालत नाही.

आज रात्री जेवणं झाली की खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला फोन करा. तो नाही म्हणाला, तर दुसऱ्याला करा.