अनामत शंभर रुपये आणि एक सही

दिवाळीनंतर कारखान्याची मोळी पडली आणि ओढ्याच्या कडेला ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. आठवड्याभरात एक मुलगी वाचनालयाच्या दारात आली. चपला बाहेर काढल्या, उंबऱ्यावरच थांबली. म्हणाली, "बाई, इथं बसायला पैसे पडतात का?"

बसायला नाही पडत. पुस्तक घरी न्यायला पडतात. अनामत शंभर, वर्गणी महिन्याला दहा, आणि गावातल्या एका सभासदाची सही. एकोणीस वर्षं ग्रंथपाल म्हणून मी हे पाठ म्हणत आलेय. शंभर रुपये तिच्या आईनं उचलीतून कसेही काढून दिले असते. सही कुणाची आणणार? मार्च संपला की टोळी जाणार, हे गावाला माहीत असतं.

मी माझ्या नावावर दोन गोष्टींची पुस्तकं काढून दिली. एक परत आलं, दुसरं टोळीबरोबर गेलं. नव्वद रुपये मी भरले, कारण हरवलेलं पुस्तक आमच्याकडे ग्रंथपालाच्या खिशातून वसूल होतं. वाचनालयांतली कपाटं कुलपात का असतात, याचं उत्तर बरंचसं इथं आहे. २०२२ साली शासनानं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं. ते झाल्यावरही माझ्या हातात महिन्याला जे पडतं, ते रोजानं जाणारी बाई आठ दिवसांत कमावते. असा माणूस पुस्तक जपणारच, आणि जपायचं म्हणजे द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी आठ ते अकरा, दुपारी चार ते सात. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती सगळे पुरुष. बाया तेव्हा चुलीपाशी किंवा खुरपायला. सातला त्या घरी येतात तेव्हा मी कुलूप लावत असते. मग पोराच्या हाती चिठ्ठी येते: 'मागच्यासारखंच जाड पुस्तक द्या.' कुठलं, ते लिहिलेलं नसतं. स्वतः कपाटासमोर उभं राहून निवडायची चैन त्यांना कधी मिळालीच नाही.

तपासणीला येणारे साहेब आधी दाखल नोंदवही मागतात. पुस्तकं किती, शिक्के आहेत का, पावत्या जुळतात का. दारापर्यंत येऊन परत कोण गेलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

हे सगळं एका गावाचं रडगाणं म्हणून लिहीत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सांगतं की पुस्तकं वापरासाठी असतात. त्यांच्या खटपटीतून १९४८ साली मद्रासला कायदा झाला, तो ग्रंथालय कर घेऊन. आपला महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, पण त्यात कर ठेवला नाही. म्हणून इथली गावोगावची वाचनालयं अनुदान आणि वर्गणीवर तगून आहेत, आणि ज्याच्याकडे वर्गणी नाही तो बाहेर. सयाजीराव महाराजांनी तर १९१० सालीच बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं होतं. खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. वाचकानं पेटीपर्यंत यावं असं नव्हतं, पेटीच त्याच्या गावात यायची. अशी एक पेटी कोप्यांवर ठेवायला काय लागतं? ट्रॅक्टर तर रोज तिकडे जातोच.

आमच्या समितीत हे बोलले तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "फुकट दिलं की किंमत राहत नाही." मी त्यांचा खातेउतारा काढला. चार वर्षांत त्यांनी एकही पुस्तक नेलेलं नाही. वर्गणी मात्र वेळेवर. किंमत ठेवणं म्हणतात ते हेच असेल.

माझं मागणं थोडकं आहे. अनामत रद्द करा. गहाळ पुस्तकांसाठी अनुदानातच थोडी तरतूद धरा, ग्रंथपालाच्या डोक्यावर ठेवू नका. कायद्यात कर आणा. आणि वाचनालयाचा दर्जा ठरवताना पुस्तकं किती आहेत यापेक्षा ती किती हातांतून फिरली, याला गुण द्या.

तोवर मी मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत दार उघडं ठेवतेय, विजेचं बिल वाढलं तर समितीला उत्तर द्यायच्या तयारीनं. पहिल्या शुक्रवारी तिघी आल्या. एकीनं कपाटाच्या काचेवर नाक टेकवून नावं वाचली, मोठ्यानं, एकेक अक्षर लावत. पुस्तक न घेताच गेली. म्हणाली, पुढच्या वेळी चष्मा आणते.