भूकंप सांगणे हे या यंत्राचे कामच नाही

‘यंत्रे भूकंपाची आगाऊ वर्दी देत नाहीत, मग इमारतींत बसवून पैसा का घालवायचा?’ हा पत्रलेखकाचा सवाल वाचला. वर्दी देणे हे त्यांचे कामच नाही! वेधशाळेतला नाजूक भूकंपमापक दूरचे बारीक हादरे टिपतो. जवळच मोठा धक्का बसला की त्याची रेघ कागदाबाहेर जाते. तिथे लागतो त्वरणमापक. जमीन जोरात हलली की तो जागा होतो.

कोयनेचेच पाहा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे धरणाच्या गॅलरीतल्या अशा यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट हादरा नोंदवला. आराखड्यात धरला होता ०.०५ पट! तरी धरण उभे राहिले. मोठे तडे गेले ते वर, खालच्या अंगाचा उतार बदलतो त्या पातळीला. नोंद नसती तर नुसते तर्कच लढवले गेले असते. आजही जगभरचे अभियंते काँक्रीट धरणांची गणिते याच नोंदीवर ताडून पाहतात.

अर्थात इमारतीच्या तळाशी एकच यंत्र बसवून भागत नाही. हादरा वर जाताना किती वाढला, हे माथ्यावरचे यंत्रच सांगते. कोट्यवधींचे मनोरे बांधणाऱ्यांनी या खर्चाचा बाऊ करू नये. पालिकांनी बांधकाम परवान्यातच तशी अट घालावी.

– एक वाचक, चिपळूण