अनुज्ञा म्हणजे आज्ञा नव्हे

१६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि अमरावतीकरांचे एक जुने गाऱ्हाणे मिटले. आता उद्या एखादे विमान धावपट्टीच्या माथ्यावर येऊन न उतरताच पुन्हा वर गेले, तर ‘मनोऱ्याने परवानगी दिली होती, मग वैमानिकाचे काय अडले?’ असे विचारले जाईल. त्याचे उत्तर आजच दिलेले बरे.

मनोऱ्यातील नियंत्रक उतरण्याची अनुज्ञा देतो, तेव्हा धावपट्टी मोकळी असल्याचे सांगतो आणि वारा कळवितो. विमानाचा वेग व उंची उतरण्याजोगी आहे की नाही, पट्टी वैमानिकास नीट दिसते की नाही, हा निर्णय त्याचा नव्हे. अनुज्ञेवाचून वैमानिकाने उतरू नये हे खरे. परंतु ती मिळाली म्हणून उतरलेच पाहिजे असे मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनी अखेरचा अधिकार मुख्य वैमानिकाच्याच हाती ठेविला आहे.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे दुबईहून आलेले विमान भर पावसात, पाठीमागून वारा असता, उतरले. अनुज्ञा रीतसर होती. चाके टेकली ती २७०० मीटरच्या पट्टीचा निम्मा भाग सरल्यावर; विमान पट्टीपलीकडे घसरून खाली कोसळले आणि २१ जीव गेले. मुख्य वैमानिक दीपक साठे हे नागपूरच्या घरातले, हवाई दलात कसलेले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सुचविले असताही विमान उतरविले गेले, असे चौकशी अहवाल म्हणतो. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हांस अधिक बोचते : दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीसाठी कोळिकोडलाच पोहोचण्याची ओढ आणि तेथे मुख्य वैमानिकांची टंचाई. म्हणजे दोष एकट्या वैमानिकाच्या माथी मारून कंपनीला मोकळे होता येत नाही.

बेलोऱ्याची पट्टी १८५० मीटरची. तेथे येणाऱ्या एटीआर जातीच्या लहान विमानास ती पुरते. परंतु पाऊस, वारा आणि वेळापत्रकाची घाई येथेही आहेच. अकोल्याची शिवणीची पट्टी तर याहूनही आखूड. ती वाढवावी ही अकोलेकरांची मागणी रास्त असून आमचा तीस पाठिंबा आहे. तोवर तेथे खास विमानाने येणाऱ्या मंत्रिमहोदयांनी सभेची वेळ झाली म्हणून वैमानिकास घड्याळ दाखवू नये आणि विमान नागपूरकडे वळविल्यास त्याच्याकडे खुलासा मागू नये.