कात्रजचं पाणी, इंग्लंड आणि फ्रान्स

सबमिशनच्या धामधुमीत इंग्लंड-फ्रान्सचा इतिहास कशाला, असं कुणी विचारेल. पण मित्रांनो, आपल्या कात्रजशी त्याचा संबंध आहे.

स्वातंत्र्याचा विचार दोन्ही देशांत वाढला, वाटा मात्र वेगळ्या. इंग्रजांनी आधी राजाचे हात बांधले. १६८९ चं 'बिल ऑफ राइट्स', मग १८३२ पासून टप्प्याटप्प्यानं मताधिकार. चालू मशीनचीच दुरुस्ती! फ्रान्सनं १७८९ मध्ये थेट जाहीर केलं की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. म्हणजे डिझाइनच नवं! पण गंमत बघा, बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत इंग्लंडमध्ये मिळालं १९२८ ला आणि समतेचा जाहीरनामा काढणाऱ्या फ्रान्समध्ये १९४४ ला.

पुण्यात दोन्ही विचार आले. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले इंग्रजी वाटेचे: अर्ज, आकडेवारी, कायदा. जोतीराव फुल्यांनी वाचलं थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन'. पेन जन्मानं इंग्रज, पण पुस्तक फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेणारं.

कात्रजच्या तलावाचं पाणी पेशवाईत नळानं शहरातल्या हौदांपर्यंत गेलं. इंजिनिअर म्हणून आपण कौतुकच करू. पण हौदाला हात कुणी लावायचा, हे जात ठरवायची. नुसते सरकारचे हात बांधून हा प्रश्न सुटत नाही. १८६८ मध्ये फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्य ठरवलेल्यांना खुला केला.

मात्र नुसत्या तत्त्वावरही भागत नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं. त्याच दिशेनं गोखल्यांनी १९११ मध्ये विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं, पण दोन्ही वाटा तिथे एकत्र आल्या. पुढे आपल्या घटनेनं सरकारला मर्यादा घातल्या आणि कलम १५ मध्ये विहिरी-तलावही सगळ्यांना खुले केले.

म्हणून माझं मत असं की, हक्क मागायचा तो सगळ्यांसाठी, आणि मिळवायचा तो चिकाटीनं, कागदावर. आपण होस्टेलवाले स्वातंत्र्य म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे फक्त आपलं गेट असतं. मुलींच्या होस्टेलचं गेट त्याहून लवकर बंद होतं, हे आपल्या एकाही अर्जात नाही. रेक्टर सरांना पुढचा अर्ज द्याल तेव्हा दोन्ही गेटसाठी एकच वेळ मागा. सह्या गोळा करायला मी येतो.