विद्यावेतनातील तिसरा वाटा

पदवी परीक्षांचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून एकच चिंता सुरू होते. मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली. आता पुढे काय? जिथे अर्ज करावा तिथे ‘अनुभव आहे काय?’ असा प्रश्न येतो आणि अनुभव मिळण्यासाठी आधी कुणी तरी काम द्यावे लागते. संगणक आणि माध्यम या दोन क्षेत्रांत तर हे दुष्टचक्र अधिकच तीव्र आहे. मग कर्ज काढून, दागिने मोडून एखाद्या खाजगी वर्गाचे शुल्क भरले जाते. हाती येते ते प्रमाणपत्र, अनुभव नव्हे.

वस्तुतः प्रत्यक्ष कामाच्या जागी, विद्यावेतन घेऊन शिकण्याचा मार्ग आपल्या देशात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने खुला केला आहे. दीर्घकाळ तो फिटर, टर्नर, वायरमन यांचाच मानला गेला. २०१४ च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही त्याचे दार उघडले. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. सॉफ्टवेअर कंपनी असो वा वृत्तवाहिनी, मोठ्या आस्थापनांना यातून सूट नाही.

शासनाचा हातभारही आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये कौशल्य विकास मंत्रालयाने जी योजना आणली, तिच्यात विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल दरमहा १,५०० रुपये, केंद्राने उचलावा अशी रचना झाली. पदवी-पदविकाधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना असून तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सोसते. पश्चिम भारतासाठी तिचे प्रशिक्षण मंडळ मुंबईतच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू करताना शिक्षणानुसार ६, ८ आणि १० हजार रुपये विद्यावेतन ठरविले. तरीही किती पालकांना हे ठाऊक आहे?

ही कल्पना आपल्याला परकी मुळीच नाही. नारदस्मृतीत शिल्प शिकू इच्छिणाऱ्या अंतेवासीविषयी स्पष्ट नियम आहेत. आप्तांच्या अनुमतीने, मुदत निश्चित करून त्याने आचार्यापाशी राहावे. आचार्याने त्याला आपल्या घरी जेवू घालावे, शिकवावे, पुत्रवत वागवावे आणि दुसरे काम सांगू नये. विद्या लवकर आली तरी शिष्याने मुदत पूर्ण करावी आणि त्या काळातील कामाचे फळ आचार्याचे असावे. उभयपक्षी कर्तव्य सांगणारा हा करारच होय. अलीकडचे उदाहरण कोल्हापूरचे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल काम करता करताच घडले आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ उभी केली. कोणत्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली होती?

आज मात्र या करारातील आचार्यधर्माचा विसर पडताना दिसतो. काही माध्यमसंस्था तरुणांना ‘अनुभव मिळतो ना’ असे म्हणत महिनोन्‌महिने फुकट राबवितात. काही उद्योजक शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्त मजूर समजतात. म्हणून पालकांनी तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. करार अधिकृतपणे नोंदविला आहे काय, विद्यावेतन बँक खात्यात येते काय आणि नेमके काय शिकविले जाणार हे लिहून दिले आहे काय? जागा मिळवून देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर त्याच्या दारात क्षणभरही थांबू नये. शिक्षणानंतर तिथेच नोकरी देण्याचे बंधन मालकावर कायद्याने नाही, हेही आधीच ध्यानी घ्यावे.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन ५ ते ९ हजार रुपये ठरविले. नंदुरबार वा गडचिरोलीच्या तरुणाने एवढ्या पैशांत पुण्या-मुंबईत राहायचे कुठे आणि जेवायचे काय? ज्यांचे घर शहरात आहे तेच शिकणार असतील, तर ही योजना सधनांचीच होऊन बसेल. एक वाटा शासनाचा, एक उद्योगाचा. तिसरा वाटा समाजाचा असला पाहिजे. याच पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवले, माधुकरी मागून शिकले. १९०९ मध्ये उभे राहिलेले अनाथ विद्यार्थी गृह, आजचे पुणे विद्यार्थी गृह, त्याच समाजभावनेचे फळ. ती परंपरा नव्या रूपात जागविता येणार नाही काय?

आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकजण उद्योजक आहेत, लेखापाल आहेत, मुद्रक आहेत. त्यांनी कायद्याच्या भयाने नव्हे, तर कर्तव्य म्हणून आपल्या आस्थापनेत शिकाऊ उमेदवार घ्यावेत. प्रत्येक नगरात दोन कार्यकर्त्यांनी नोंदणीचे साहाय्य करावे. ज्यांच्या घरी मुले परदेशी गेल्याने खोली रिकामी आहे, त्यांनी वर्षभर एका विद्यार्थ्याला आसरा द्यावा. तरुणांच्या संख्येचा अभिमान आपण व्यासपीठावरून नेहमीच मिरवितो. त्या तरुणाच्या हाताला कौशल्य आणि पानात दोन घास देण्याची जबाबदारी न घेता तो अभिमान बाळगण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.