काकांची चौकट

आमच्या वडिलोपार्जित वाड्याच्या जागीं नवी इमारत उभी राहिली, तेव्हां घरांतील प्रत्येकास कांहीं ना कांहीं लाभलें; आईस गॅलरी, मुलांस स्वतंत्र खोली. गेली ती एकट्या काकांची वस्तु : परसांतील आंब्यापासून गच्चीपर्यंत ताणलेली एरियलची तार. काका परवानाधारक हौशी बिनतारीवाले. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं 80 मीटरच्या पट्ट्यांत दूरच्या मित्रांशीं बोलावयाचें, हा त्यांचा नेम. या पट्ट्यास नेहमीची तार सुमारें 40 मीटर लागते. 160 मीटरच्या पट्ट्यास तिच्या दुप्पट. नव्या गच्चीवर तार बांधण्यास परवानगी मिळाली नाहीं. काका बोलले कांहींच नाहींत; मात्र जेवण होतांच निजावयास जाऊं लागले.

उपाय सांपडला तो जुनाच. हाइनरिख हर्ट्झनें 1888 च्या सुमारास विद्युल्लहरी ओळखल्या, त्या तारेच्या एका वेटोळ्यानेंच. असें वेटोळें लहान असल्यानें आवाज क्षीण येतो खरा. पण या पट्ट्यांत अडचण क्षीणतेची नसून खरखरीची असते.

लांकडाच्या सुमारें 1.4 मीटरच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या जोडाव्या. टोकांवरून वेष्टित तांब्याची तार फिरविली कीं 1 मीटर बाजूची चौकट होते. वेढ्यांत बोटभर अंतर ठेवावें, आणि तारेचीं दोन्ही टोकें जुन्या रेडिओंतील 500 पिकोफॅरडच्या फिरत्या कंडेन्सरास जोडावीं. 160 मीटरसाठीं तीन वेढे, 80 साठीं दोन. (मीं हौसेनें चार घेतले, कंडेन्सर पुरा उघडला तरी 80 चा मेळ जमेना.) आंत, मोठ्या वेढ्यांस न जोडतां, पांचव्या हिश्श्याच्या परिघाचा एक सुटा वेढा टांगून त्याचीं टोकें केबलनें रेडिओस न्यावीं. कंडेन्सर सावकाश फिरवितांना खरखर एकाएकीं वाढली, कीं मेळ जमला म्हणावा.

खरी गंमत पुढेंच. चौकटीच्या कडेच्या दिशेनें येणारें तिला उत्तम ऐकूं येतें. तिच्या तोंडासमोरून, किंवा पाठीमागून, येणारें जवळजवळ मावळतें. आमच्याकडे खरखर इतकी, कीं दुसरें कांहींच ऐकूं येईना. ती मावळेपर्यंत चौकट फिरविली, आणि तोंडाच्या दिशेनें जमिनीवर खडूची रेघ ओढली. दुसऱ्या खोलींतून पुन्हां तसेंच केलें. दोन्ही रेघा वाढवीत नेल्या, त्या मिळाल्या देवघरांत! तेथें विजेच्या लुकलुकत्या दिव्यांची माळ होती. आजीस भीतभीतच सांगितलें.

“अरे, देवाला समई पुरेशी होती. माळ तुमच्याच पोरांनीं आणली,” ती म्हणाली, आणि तिनें स्वतःच बटण बंद केलें.

खरखर निम्म्यावर आली. उरलेली शेजारच्या बिऱ्हाडांतील असावी. ती आईच्या गॅलरींत चौकट ठेवून आणि वळवून दाबली. मित्रांचे आवाज मात्र तितके दबत नाहींत, कारण ते आकाशांतील आयनांच्या थरावरून परतून उंचावरून उतरतात. दिवसा खालचा एक थर या लहरी गिळतो, म्हणून सूर्यास्तानंतरच बसावें.

साडेनऊच्या सुमारास काकांनीं कानास लावलेलें यंत्र एकदम दाबून धरलें. “हा आमचा नाशिकवाला,” ते हळूच म्हणाले. त्यानंतर तासभर कोणी त्यांस हाक मारली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं विचारलें, याच चौकटींतून बोलतां येईल काय? येतें, पण तिला जाड तांब्याची नळी आणि निराळा कंडेन्सर लागतो, आणि 100 वॅट शक्तीस त्या कंडेन्सरावर हजारों व्होल्ट चढतात. गॅलरींत मुलें खेळतात. तूर्त काका ऐकतात, आणि नळीचा भाव विचारून ठेवतात.