गवत म्हणजे पडीक नव्हे

पावसाळा सरला की वाशीम जिल्ह्याच्या माळरानांवर, गवताच्या शेंड्यांलगत पंख उंचावून संथपणे तरंगत जाणारा एक शिकारी पक्षी दिसू लागतो. मराठीत त्याला भोवत्या म्हणतात. त्याच्या जातींपैकी पांढुरका भोवत्या मुख्यतः कझाकस्तान व दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशांत वीण करतो आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर ओलांडून आपल्याकडे येतो. जगात त्याची संख्या घटत असून ‘संकटसमीप’ पक्ष्यांत त्याची गणना झाली आहे.

या ऱ्हासाचे एक मोठे कारण नांगर हे आहे. 1954 पासून सोव्हिएत सरकारने कझाकस्तानातील अफाट गवताळ भूमी पडीक ठरवून गव्हाखाली आणली. आपणही निराळे काय करीत आहोत? वऱ्हाडातील ई-क्लास जमिनींवर एकीकडे अतिक्रमण होते, तर दुसरीकडे वनीकरणाचे खड्डे खणले जातात. वृक्षारोपण हे सत्कार्य खरे. पण भोवत्या थव्याने रात्र काढतो ती गवतात, जमिनीवर. तेथे झाडे उभी करणे म्हणजे पाहुण्याचे अंथरूणच काढून घेणे होय.

भूमिहीनाने मग पोट कोठे भरावे, असा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्तच आहे. तथापि ज्याच्यापाशी जमीन नाही, पण चार शेळ्या आहेत, त्याचा संसार याच गवतावर चालतो, हे विसरता येणार नाही. शेतकऱ्याचेही हित यात आहे. कारण नाकतोडे व उंदीर हे भोवत्यांचे भक्ष्य होय.

काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य जेमतेम 18 चौरस किलोमीटरांचे आहे. केवळ त्याच्या भरवशावर हा पाहुणा जगणार नाही. स्थलांतरित शिकारी पक्ष्यांच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर भारताने 2016 साली स्वाक्षरी केली. त्या स्वाक्षरीची खरी कसोटी दिल्लीत नव्हे, तर तलाठ्याच्या दप्तरात लागणार आहे. नैसर्गिक गवताळ माळांची स्वतंत्र नोंद करावी, तेथे वृक्षलागवड करू नये आणि पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये परतेपर्यंत गवताला आग लागू देऊ नये. गवत कापायचे तेही टप्प्याटप्प्याने, काही पट्टे उभे राखून कापावे. पिढ्यान्‌पिढ्या रान जाणणाऱ्या फासेपारधी बांधवांना या राखणीत मानाचे व मोबदल्याचे स्थान द्यावे.

यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. दप्तरातील ‘पडीक’ हा एक शब्द तेवढा खोडावा लागेल.